ड्रॉइंगमध्ये नसलेला कपॅसिटर

बोर्ड हातात आला की साहेब आधी त्यावर बोट टेकवायचे. नजर मात्र सिग्नलची रेषा दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर. रेषा थरथरली की म्हणायचे, "नाचतंय." आणि बोर्ड ट्रेमध्ये फेकायचे.

असा माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. हुशार, म्हणून बाकी सगळं माफ.

धारूर रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये मोजमापाच्या यंत्रांसाठी बफर अँप्लिफायरचे बोर्ड बनतात. डिझाइन साहेबांचं, सोल्डरिंग चार बायकांचं, स्टोअर आणि रजिस्टरं माझी. बफरचं काम साधं: आलेला सिग्नल दुप्पट करून पुढच्या केबलला द्यायचा. ही दुप्पट चिपच्या आतच पक्की, बाहेरून कमी-जास्त करता येत नाही. पण चिपचा वेग एवढा की जवळचा भाग बोटभर लांब गेला तरी ती आपोआप थरथरायला लागते.

"मी बी तसाच हाय," साहेब म्हणायचे. "एकदा ठरलं की ठरलं."

एकदा वॉचमनला तापाने कापरं भरलं. "नाचतंय की हे, घरी पाठवा," साहेब म्हणाले. आम्ही हसलो. नंतर स्वतःच्या गाडीवर त्याला दवाखान्यात नेऊन आले, ते कुणाला सांगितलं नाही.

चौघींत कुशावर्ताचा हात सर्वांत नेटका. पूर्वी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. हे काम टिकलं तर यंदा टोळीत जायचं नव्हतं, नववीतल्या पोरीलाही न्यायचं नव्हतं. हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही.

साहेबांनी नवं ड्रॉइंग काढलं आणि पहिल्या खेपेचे सगळेच बोर्ड नाचले. साहेबांनी कुशावर्ताला गाठलं.

"तुझ्या हाताला कोयत्याची सवय, बाई. ऊस न्हाई ह्यो."

"माजा हात हालत न्हाई, साहेब."

दुसऱ्या दिवशी तिने एक बोर्ड पुढे ठेवला. साहेबांनी बोट टेकवलं. रेषा सरळ. पुन्हा टेकवलं. सरळच. त्यांनी बोर्ड उलटा केला. मागे चिपच्या सप्लायच्या पिनला अगदी चिकटून एक कपॅसिटर.

"हा कुठून आला?"

"जुन्या बोर्डावर ह्यो चिपच्या पायाशीच व्हता. नव्यात लांब गेलाय."

साहेबांनी खिशातून कटर काढला आणि कपॅसिटर कापला. रेषा थरथरू लागली.

"ड्रॉइंगमध्ये नाही ते लावायचं न्हाई. उद्यापासून येऊ नको."

ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी बगितलं ना?"

मी तिच्या नावावर एक जादा कपॅसिटर लिहीत होते. "नियम आहे," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी सुधारलेलं ड्रॉइंग आलं. कपॅसिटर चिपच्या पायाशी. बदलाच्या रजिस्टरमध्ये 'सूचना कोणाची' असा रकाना असतो. "माझी," साहेब म्हणाले. मी चांगल्या अक्षरात लिहिलं.

दसऱ्यानंतर टोळी निघाली. कुशावर्ता गेली, पोरगीही गेली.

तो हंगाम संपायच्या आत साहेबांना पुण्यात मोठी नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी त्यांनी एका बोर्डवर बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. डोळे भरले होते. "बघा, लेकरू झोपल्यागत हाय." मग खिशातला कटर माझ्या टेबलावर ठेवला. "असू द्या तुम्हाला."

उन्हाळ्यात धारूरच्या बाजारात कुशावर्ता भेटली. एकटीच होती. मी पोरीचं विचारलं.

"दिली, ताई. उसाच्या फडावर कुठं सांभाळायची?"

मग तिने विचारलं, "बोर्ड नाचतो का आता?"

"नाही. एकही नाही."

"मंग बरं झालं." तिला खरंच बरं वाटलं होतं. "साहेब कसे हायेत?"

"पुण्याला गेले."

"मंग आता बोट कोन लावतं?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मी."