भाऊजी आणि परतवाड्याचा ठिपका

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका, म्हणजे आमच्या भाऊजींइतका, भित्रा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. अकोल्याहून अमरावतीला आमच्याकडे यायचं तरी एसटीचं तिकीट रस्ताभर मुठीत आवळून बसत. एकदा मूर्तिजापूरला तपासनीस चढला तेव्हा त्या मुठीतून घामाने भिजलेला लगदा निघाला. त्यावरचं एक अक्षर त्या बिचाऱ्याला वाचता येईना. घराला कुलूप लावलं की कोपऱ्यावरून परत येऊन ओढून पाहत, आणि मग शेजाऱ्यालाही ओढून पाहायला लावत. असा माणूस छोट्या डाळगिरण्या बनवून विकायचा! घरच्या तुरीची घरीच डाळ करता येईल अशी कपाटाएवढी, सुबक यंत्रं. पण नवी गिरणी पहिल्यांदा चालू करताना भाऊजी लांब वायरीचं बटण घेऊन खांबामागे उभे. "मशीनचा काही भरोसा नाही बाप्पा." "पण तुमीच बनवली ना?" असं विचारलं की म्हणत, "म्हणूनच तं!"

त्या वर्षांत मात्र सगळा मुलूखच भ्यायलेला होता. पाऊस दगा देई, आणि तूर हाती आलीच तर भाव पडे. गिरणी घ्यायला येणार कोण? चार कारागिरांपैकी दोघे सोडून गेले. उरलेले दोघे त्याच तीन तयार गिरण्या रोज पुसत बसत. माझा अमरावतीत कॉम्प्युटरचा क्लास, जोडीला वेबसाइट बनवायची किरकोळ कामं. ताईच्या आग्रहाने भाऊजींसाठीही एक बनवली. मजकूर त्यांचा: 'द्विदल धान्य भरडयंत्र'. वर ताकीद, "आत्ता झाकून ठेव. लोकं पाहतीन." लोकांनी पाहावं म्हणूनच ती असते, हे पटवण्यात मी हरलो, आणि सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये अशी खूण करून टाकली. सहा महिने ती साइट जगात फक्त आम्हा तिघांना माहीत होती.

मग एका दुपारी ताईचा दबक्या आवाजात फोन आला. "ते कारखान्यात नुसते बसून राह्यतात रे. जेवत नाहीत. मले भेव वाटून राहिलं." मी तेव्हाच ती खूण काढली, भरडयंत्राच्या जागी 'तूर डाळ बनवायची मशीन, अकोला' असं लोक शोधतात तसं लिहिलं, साइटवर येणाऱ्यांची मोजणी जोडली आणि अकोल्याची बस धरली. भाऊजींना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त उठून त्यांनी कारखान्याचं शटर अर्धं खाली ओढलं.

दोनेक आठवड्यांत साइट शोधात सापडू लागली आणि मोजणीच्या नकाशावर पाहणाऱ्यांच्या गावागावचे ठिपके उमटू लागले. भाऊजी दिवसभर त्यांच्यावर पहारा देत. वाशीमचा ठिपका इन्कम टॅक्सवाला, नागपूरचा आपलं डिझाइन चोरणारा. सगळ्यांत भयंकर ठिपका परतवाड्याचा. रोज दुपारी साडेतीनला यायचा, सगळ्यात लहान गिरणीच्या पानावर दहा मिनिटं थांबायचा, मग 'संपर्क'वर जाऊन लगेच नाहीसा व्हायचा. "कोन हाये हा? काहून पाहून राहिला रोज?" भाऊजींचा दुपारचा चहाही सुटला.

मी पुन्हा अकोल्याला गेलो तेव्हा मला दुसरंच दिसलं. नुसता परतवाडाच नव्हे, सगळेच ठिपके संपर्काच्या पानावरून परत फिरत होते. पान उघडलं. फोन नंबर भाऊजींनी मजकुरातूनच गाळला होता, आणि माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. नुसतं 'प्रत्यक्ष भेटावे'.

"नंबर काहून नाही दिला, भाऊजी?"

ते खाली पाहत म्हणाले, "दोन वर्षांत गिऱ्हाइकांच्या घरून तीन फोन आले. तिन्ही घरची बाईच बोलली. मशीन वापस घेता का, म्हने. वापरनारा माणूस गेला. आता घंटी वाजली का मी त्या खांबामागं जाऊन उभा राह्यतो."

त्यांच्या भित्रेपणावर इतकी वर्षं हसलो होतो. त्या दिवशी मला मान वर करवेना.

"नंबर टाक," ताई म्हणाली. "फोन मी उचलीन."

दुसऱ्या दिवशी पावणेचारला फोन वाजला. भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. ताईने फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"दादा हायेत का? मी परतवाड्याजवळून बोलून राहिली. आमचा बायांचा बचत गट हाये. तुमची मशीन मी रोज पाहते, पन नंबरच नव्हता. आज दिसला, तरी दहा मिनटं हिंमतच होत नव्हती. म्हटलं, मोठी कंपनी असन, आमच्याशी बोलतीन का नाही."

भाऊजींनी ओठ ओले केले. "बाई," ते म्हणाले, "तुमी रोज यायच्या ना, तं इकडे मलेच भेव लागे."

पलीकडे ती बाई अशी खळखळून हसली की पुसणारे दोघे कारागीर फडकी टाकून आत आले.

ती गिरणी बसवायला भाऊजी स्वतः गेले. मग धारणीहून विचारणा आली, मग दर्यापूरहून. धंदा काही धो धो वाहिला नाही, पण कारखाना टिकला, आणि गेलेल्यांपैकी एक कारागीर परत आला. भाऊजी स्वतः फोन घेऊ लागले. मात्र गिरणीचं काही बोलायच्या आधी अनोळखी माणसालाही विचारायचे, "घरी सगळे बरे हायेत ना?" काहींना गंमत वाटायची. काही जण उत्तर द्यायच्या आधी जरा थांबायचे.

आता भाऊजींना ऐकू येत नाही. फोन ताईच घेते. पण तेवढा प्रश्न विचारायला ते अजून तिच्याजवळ येऊन बसतात, फोनकडे वाकून विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहतात.