बाभळीच्या फुलांची साडी

मी घरी कापड छापते. सागाच्या तुकड्यांवर ठसे स्वतः कोरते. जेवणाच्या टेबलावर घोंगडी आणि तिच्यावर जुनी चादर अंथरली की झालं.

नवरा गेला तेव्हा एक साडी छापायची राहिली होती. गंगापूरला थोरल्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. हळदीची साडी मामाच्या घरून, आमच्या ठशांची येईल, असं नवऱ्यानं बहिणीला कबूल केलं होतं. लग्न पुढं ढकललं नाही. तेरावं झाल्यावर मी कामाला लागले. रडू येत नव्हतं. भूकही नव्हती. हात चालत होते.

कपाटात दोन कोऱ्या साड्या होत्या. दोन्ही साड्या थोरल्या नणंदेनं, म्हणजे अक्कांनी, एकाच दुकानातून आणलेल्या. हळदीच्या साडीच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं होतं. दुसरी दुखवट्याची, माझ्यासाठी. मी वरची काढली, खळ जाईपर्यंत धुतली, बाभळीची पिवळी फुलं छापली, रंग पक्का व्हायला उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली. कोपरा पाहिला नाही.

अक्का साडी न्यायला आल्या. ब्लाउजपीस काढायला त्यांनी कपाट उघडलं.

“कुंकवाची तर इथंच हाय. मग तू कोणती छापलीस?”

“दुसरी असेल.”

“असेल? दुखवट्याचं नेसवून पोरगी हळदीला बसवू व्हय?”

“कापड एकच आहे, अक्का.”

“कापड एकच म्हणं. भाऊ माझाबी गेलाय. मी नाय विसरले कोणतं कशाला आणलं ते.” त्यांनी छापलेली साडी टेबलावर टाकली. “नेस आता तूच. फुलाफुलांची.”

“चार दिवस आहेत. ती छापून आणते.”

त्या ब्लाउजपीस घेऊन एसटीला गेल्या.

कुंकवाची साडी मी त्याच दुपारी भिजवली. तिसऱ्या दिवशी तयार झाली. हळदीला जाताना दुसरी मी नेसले. वाया घालवण्यासारखी नव्हती, आणि नेस म्हणून सांगितलंच होतं.

मांडवात भाची आणि मी, दोघींच्या अंगावर तीच फुलं. बायका बघायला लागल्या. अक्कांच्या जाऊबाई जवळ येऊन म्हणाल्या, “महिना तरी झाला का गं? कुणी नेसू दिलं तुला हे?”

अक्का हळदीची वाटी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

“मी सांगितलं तिला नेस म्हणून,” त्या म्हणाल्या. “सरका आता, पोरीला हळद लावू द्या.”