शेवटचं जेवलास कुठं?

मुळे डॉक्टर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, सुनंदानं केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कशानं?" पोलिसात जन्म गेला, दुसरं काय सुचणार! ती रडता रडता म्हणाली, "काका, झोपेतच गेले... बाबांनीपण आधी हेच विचारलं असतं."

खरंच विचारलं असतं. इतका संशयी माणूस मी पाहिला नाही, आणि मी तर हवालदार होतो. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, वडूजच्या बाजूला, ते सरकारी दवाखान्यात होते. अटक केलेला माणूस तपासणीला आम्ही त्यांच्याकडे न्यायचो. दुसरे डॉक्टर टेबलामागूनच 'जखम नाही' लिहून मोकळे व्हायचे. हे मात्र आम्हाला बाहेर काढून दार लावून घ्यायचे. मारलं का, असं ते आरोपीला कधी विचारत नसत. विचारायचे, "शेवटचं जेवलास कुठं?" माराबद्दल माणूस भीतीपोटी खोटं बोलतो, जेवणाबद्दल खोटं बोलायचं त्याला सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तो निव्वळ खडूसपणा वाटायचा.

एकदा बिरा नावाच्या मेंढपाळाला नेलं. विहिरीवरची मोटर चोरल्याचा संशय. पकडल्यापासून चोवीस तासांत माणूस कोर्टापुढं उभा करायचा, हा कायदा. आम्ही त्याला तीन दिवस ठाण्यात ठेवला होता, आणि कागदावर अटक दाखवली होती त्या दिवशी सकाळची. मी बाहेर दाराला कान लावून उभा. डॉक्टरांनी त्यांचा तो प्रश्न विचारला, आणि बिराचा आवाज आला, "काल ठाण्यातच की, सायेब. परवाबी. हवालदारांनी वडापाव दिला. लय मायाळू हायेत."

दया आली म्हणून ठाण्याच्या साहेबांची नजर चुकवून दिलेला वडापाव माझ्याच अंगाशी आला! डॉक्टरांनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले, हे मी नंतर त्यांच्या अहवालात वाचलं. बिराचे तळपायही पाहिले होते, माराची सूज होती, तीही लिहिली होती. बाहेर येऊन मला म्हणाले, "वडापाव तुमचा. मग कागदावरची वेळ कुणाची?"

"सायबांनी लिवलीया," मी म्हणालो.

कोर्टानं बिराला सोडलं. माझी बदली महाबळेश्वरला झाली, भर पावसात टॅक्सीवाल्यांना शिट्ट्या मारायला. डॉक्टरांना मी किती शिव्या घातल्या असतील, त्याला गणती नाही.

निवृत्त होऊन मुलाकडे सांगलीला आलो. डॉक्टर तिथंच विश्रामबागेत राहतात असं कळलं. भांडायला म्हणून गेलो आणि मग जातच राहिलो. दार अर्धवट उघडून ते विचारायचे, "काय काम काढलंत, हवालदार?"

"काय न्हाई, बसाय आलोय."

"उगाच कुणी येत नाही."

मग चहा पाजायचे, पण नजर माझ्यावरच. राग यायचा आणि जाणं सोडवतही नव्हतं. ते कशाची वाट बघताहेत हे मला ठाऊक होतं. शेवटच्या भेटीत कप खाली ठेवत म्हणाले, "हवालदार, ती वेळ..."

"आवं, किती डाव सांगू? सायबांनी लिवली."

कप पुन्हा उचलत ते "बरं" म्हणाले. काडीचा विश्वास नव्हता.

गेल्या आठवड्यात सुनंदाला भेटायला गेलो. ती चहा टाकायला आत गेली. डॉक्टरांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी सवयीनं बाहेरच थांबलो. बिराला मी हात लावला नव्हता, उलट खाऊ घातलं होतं, एवढ्यावर मी इतकी वर्षं स्वतःला भला माणूस समजत आलो. आता मला माझाच संशय येतो. ठाण्यात बिराच्या जिवाचं काही बरंवाईट झालं असतं, तर ते तीन दिवस माझ्या त्या एका ओळीखाली कायमचे गाडले गेले असते.

"डॉक्टरसायेब," मी दाराला म्हणालो, "ती येळ म्या लिवली. अक्षर माझंच हाय."

चहा गार होईपर्यंत मी तिथंच उभा होतो... त्यांनी बोलावल्याशिवाय त्या दारातून आत जायची मला सवय नाही.