तानूकाकांची पट्टी

तानूकाका जेवतानासुद्धा नीट बसत नसत. उकिडवे, एक टाच उचललेली, आता उठतील असे. "बसून काय करू? बसलेला माणूस आजारी दिसतो," म्हणायचे. आमचे शेजारी, आंबे काढणारे. आता ते मुलाकडे मुंबईला असतात.

गेल्या हंगामात ते कलमावरून पडले. कुशीला मार लागला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावर. मग लघवीतून रक्त यायला लागलं. आमच्या वाडीत कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून काकूने कोल्हापूरला मला सोबत नेलं. डॉक्टरांचं बोलणं मला कळेल असं तिला वाटत होतं. मला खात्री नव्हती.

किडनीतली रक्तवाहिनी फाटली होती. पोट न उघडता, जांघेतून बारीक नळी वरपर्यंत नेऊन, फाटलेल्या जागी तारेची छोटी गुंडाळी सोडायची, म्हणजे रक्त थांबेल आणि किडनी वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते झालं. नंतर पाय सरळ ठेवून पडायचं होतं. काकू त्यांचा गुडघा दाबून बसली.

"मी गप हाय गो, पायाला कोण सांगणार?" काका म्हणाले.

घरी माणसं बघायला आली. जांघेत डास चावल्यासारखा ठिपका, बस्स.

"एवढ्यासाठी कोल्हापूर? आम्हाला वाटलं, पोट फाडलं."

काका हसले, पण दुसऱ्या सकाळी त्यांनी आंबे उतरवायचा झेला खाली काढला. हिसका बसला तर पुन्हा रक्त सुटेल, मग किडनीच काढावी लागेल, हे मी परत परत सांगितलं.

"टाका तरी कुठाय?"

काकूने जुनं धोतर फाडलं आणि त्यांच्या कमरेला जाडजूड पट्टी आवळली. त्या दिवसापासून येणारा प्रत्येकजण म्हणू लागला, "बसा, बसा, उठू नका." आणि काका बसू लागले. मला हे खोटं वाटत होतं. तरी रोज कुंपणाशी जाऊन काकूला विचारायची, "आज लाल?" ती मान हलवून नाही म्हणायची.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पट्टीचे वेढे सोडवले. आत काहीच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती गाववाल्यांची पट्टी, डॉक्टर," काका म्हणाले. "माझी आत हाय, ती दिसत नाय."

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. रक्त थांबलं होतं. मग त्यांनी ते धोतर उचललं आणि स्वतःच पुन्हा गुंडाळलं.

"अजून थोडे दिवस असू दे," ते काकूला म्हणाले. "फक्त एवढी आवळू नका."