ताबा मिळेपर्यंत हप्ता आमचा!

घर विकणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. वाघोलीच्या आमच्या साइट ऑफिसात तर चहा येईपर्यंत एक नवा तयार व्हायचा! हल्ली तेच सांगताना मध्येच थांबावंसं वाटतं.

*

आमची स्कीम झकास होती. कर्ज गिऱ्हाइकाच्या नावावर, बँकेचे सगळे पैसे एकदम बिल्डरला, आणि ताबा मिळेपर्यंत हप्ता आमचा! सदाशिव पेठेतले एक आजोबा शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमचं कर्ज मी काढायचं." चहालाही थांबले नाहीत. आम्ही दिवसभर त्यांची नक्कल करत होतो.

*

वानखेडे नवरा-बायको वर्ध्याचे, वानखेडे इथे कारखान्यात कामाला. सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेलं, तर वहिनींनी चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, "असू द्या हो, सॅम्पलच आहे."

"घरच आहे न जी," त्या म्हणाल्या.

आत टीव्ही पुठ्ठ्याचा, शेगडी नुसती दाखवायची. बुकिंग झालं की घंटा वाजवायची आमची पद्धत. आमचे सेल्स हेड मोहिते सर यांनी ती स्वतः वाजवली.

*

पुढे सरकारी नियम आला. बांधकाम चढेल तेवढेच पैसे बँकेने द्यायचे, असल्या स्कीम बंद! मोहिते सरांनी स्कीमचा फलक उतरवला नाही, नुसता रंगवून घेतला: 'हप्त्याची काळजी आमची!' पुन्हा हशा. तो नियम आधी यायला हवा होता. वानखेड्यांचे पैसे केव्हाच बिल्डरकडे गेले होते आणि इमारत दुसऱ्या स्लॅबवर अडकली होती.

*

बिल्डरने हप्ते थांबवले. बँकेचा फोन अर्थातच वानखेड्यांना. भाडं आणि हप्ता, दोन्ही एकाच पगारातून जाऊ लागलं. ते भांडायला येतील म्हणून सरांनी वॉचमनला दारात उभं केलं. ते आले रविवारी, जेवणाचा डबा घेऊन. सॅम्पल फ्लॅटमध्ये जरा बसू का, एवढंच विचारलं. मग दर रविवारी येऊ लागले. मला फार वाईट वाटायचं, पण समोर जायची हिंमत होत नव्हती.

*

त्यांनी रेराकडे तक्रार केली, निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण बिल्डरकडे द्यायला काही उरलंच नव्हतं. ऑफिस बंद होणार, सॅम्पल फ्लॅट सोमवारी पाडणार, असं ठरलं.

आदल्या दिवशी मी मुद्दाम गेले. वहिनींनी त्या खोट्या शेगडीवर नवं पातेलं ठेवलं होतं, हळदकुंकू लावून. गृहप्रवेशाला दूध उतू घालतात ना, तसं त्या थर्मासमधलं कढत दूध पातेल्याच्या काठावरून ओघळेपर्यंत ओतत राहिल्या. मग ओटा स्वच्छ पुसला.

मी दारात चपला काढायला वाकले.

"असू द्या न जी मॅडम," त्या म्हणाल्या, "सॅम्पलच आहे."