सव्वा फेरा

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी मी जपानात आले आणि फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये बसून बसून डोकं फिरायची वेळ आली. मग जपानी शिकले, आणि योकोहामाच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी मिळाली. त्या कंपनीच्या गोदामात एक कॉम्प्रेसर पडून होता. त्याच्याबद्दल लिहूनच टाकायचं ठरवलंय, कारण बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि घरातले एकेक करून उठून जातात.

कॉम्प्रेसर इराणसाठी बनवलेला. तिथे समुद्राकाठच्या एका गावाशेजारी नको असलेला गॅस चिमणीच्या तोंडाशी नुसता जाळून टाकतात, रात्रंदिवस. आमचं यंत्र तो गॅस गोळा करून पाइपात ढकलणार होतं, म्हणजे ती आग विझली असती. अणुकरार होऊन निर्बंध उठले तेव्हा एका युरोपीय कंपनीने ही ऑर्डर दिली. यंत्र तयार होईतो अमेरिका करारातून बाहेर पडली. युरोपवाले म्हणाले, आम्ही आहोत ना, पैशांच्या देवघेवीसाठी वेगळा मार्ग काढतो. आमच्या कंपनीला मात्र एवढंच कळवण्यात आलं की थांबा.

पण यंत्राला नुसतं थांबता येत नाही. आत फिरणारा जड लोखंडी शाफ्ट असतो. तो एकाच स्थितीत पडून राहिला तर स्वतःच्या वजनानेच वाकतो. म्हणून महिन्यातून एकदा तो हाताने सव्वा फेरा फिरवायचा. पूर्ण फेरा दिला तर तो परत जिथल्या तिथे येणार, म्हणून वरचा पाव. तान्ह्या बाळाचं डोकं चपटं होऊ नये म्हणून आपण त्याची कूस बदलतो, तसंच हे. आपल्याकडे शुभकार्याला सव्वा लागतो, त्यामुळे मला हा आकडा उगाचच आवडायचा.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचा म्हातारा फोरमन आणि एक कामगार लांब दांडा लावून शाफ्ट फिरवायचे. फोरमन खडूची खूण बघायचा, तिच्याकडे बोट रोखायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "योशी!" म्हणजे बघितलं, ठीक आहे. इथे ट्रेनचे मोटरमनही सिग्नलकडे असंच बोट दाखवतात. मी बाजूला उभी राहून फोटो काढायचे.

दुपारी इराणहून फोन यायचा. यंत्र बनत असताना तपासणीसाठी इथे येऊन गेलेले एक इराणी इंजिनियर त्याच गावचे. शुक्रवारी त्यांना सुट्टी, त्यामुळे ते घरी असत. फोन स्पीकरवर, शेजारी मुलगी. ऑर्डर आली तेव्हा ती रांगत होती. आता शाळेत जाते आणि त्या आगीच्या धुराने छातीत कफ भरला की जाऊ शकत नाही. यंत्र आलं की आग विझेल, असं बापाने तिला सांगून ठेवलेलं.

"मॅडम, फिरवलं?"

"फिरवलं. अगदी सुरळीत फिरलं."

की लगेच मागून मुलगी ओरडायची, "योशी!" तिला हा एकच जपानी शब्द यायचा, बापाकडून शिकलेला. पाठोपाठ खोकला यायचा. तो थांबायची आम्ही दोघंही वाट बघायचो.

वर्षं अशीच गेली. टीव्हीवर कुठल्या तरी हॉटेलच्या दारात युरोपातल्या तीन देशांचे मंत्री इराणच्या मंत्र्यांशी हसत हात मिळवताना दिसायचे. चर्चा उपयुक्त झाली म्हणायचे. मला ते मुलगी बघायला आलेल्या मुलाकडच्यांसारखे वाटायचे. कांदेपोहे खायचे, घर छान आहे म्हणायचं, आणि "कळवतो" म्हणून चपला घालायच्या. इकडे मुलीकडचे फोनशी बसलेले.

"अगं, तू कशाला एवढा जीव लावतेस? लोखंड आहे ते," नवरा म्हणायचा.

"त्या पोरीचा खोकला एकदा ऐक, मग बोल," मी म्हणायचे. तो रिमोट उचलायचा. त्याचंही बरोबर होतं, ऐकून तो तरी काय करणार होता?

आणि मग ज्यांनी इतकी वर्षं "कळवतो" म्हटलं, त्याच तीन देशांनी जुने निर्बंध परत लागू करायला लावले. चर्चेचं दार उघडं आहे, असंही वर म्हणाले. युरोपीय कंपनीने ऑर्डर रद्द केली. आमचं यंत्र त्या गावच्या गॅसच्या मापाने शिवलेलं, दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही. भंगारात काढायचं ठरलं.

गॅसकटर घेऊन माणसं आली तेव्हा त्या महिन्याचा फेरा राहिला होता. फोरमनने त्यांना थांबवलं आणि दांडा लावून शाफ्ट सव्वा फेरा फिरवला. खुणेकडे बोट रोखलं, पण "योशी" काही म्हणाला नाही. मी बाहेर जाऊन कोनबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानाच्या, मागे उभी राहिले आणि पोटभर रडले. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तेवढंच बरं.

इंजिनियरना त्यांच्या ऑफिसातून कळलं होतं. शुक्रवारच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. या वेळी ते एकटे होते.

"मॅडम, उद्या मी नेहमीसारखा फोन करीन. मुलगी शेजारी असेल. तुम्ही नेहमीसारखंच सांगाल?"

"खोटं सांगू तिला? किती दिवस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"थंडीत तिला फार त्रास होतो. थंडी जाऊ द्या. मग मी सांगेन."

ते सांगणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. मलाही त्यांच्या जागी सांगता आलं नसतं. आग विझेल याची आशा मी सोडली आहे. कुठल्याही बैठकीची बातमी लागली की आता मीच चॅनेल बदलते.

काल पहिला शुक्रवार होता. मी गोदामात गेले. कॉम्प्रेसरच्या जागी आता दुसऱ्याच गिऱ्हाइकाची खोकी रचलेली आहेत. त्यांच्यामध्ये उभी होते तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, फिरवलं?"

"फिरवलं," मी म्हटलं. "अगदी सुरळीत फिरलं."

मागून मुलगी ओरडली, "योशी!" मग तिला खोकला आला, आणि तो थांबायची वाट बघत मी फोन कानाला धरून उभी राहिले.