पुलावरच्या माणसांचा बोनस

तिच्या आयुष्यात धक्के फार नव्हते, आणि तिला ते तसंच आवडत असे. शिंप्याची मुलगी ती. माप घेतल्याशिवाय कात्री उचलायची नाही, हे तिला घरातच शिकवलेलं. पुढे तिने शाळेत इतिहास शिकवला. शाळा बंद पडली आणि चाळिशी उलटल्यावर एका मैत्रिणीच्या ओळखीने ती अशा ऑफिसात लागली, जिथे दिवसभर देशांची उठाठेव चाले.

देश अर्थातच खेळातले. संगणकावरच्या त्या खेळात आपण एक देश निवडायचा आणि दोन-तीनशे वर्षं चालवायचा. कर बसवायचे, रस्ते बांधायचे, शेजाऱ्याशी भांडायचं, जमलं तर त्याचं घर बळकावायचं. पण प्रत्येक देशात काहीतरी खास हवं, नाहीतर तो निवडणार कोण? त्या खास गोष्टीला ऑफिसात बोनस म्हणत. समुद्रकाठच्या देशाला जहाजं स्वस्त पडत. डोंगरातल्या देशाची फौज थंडीत कमी मरे. एका वाळवंटी देशाला कर्ज चटकन मिळे, कारण तिथले व्यापारी शब्दाचे पक्के. हे सगळं ती ठरवी. अटी दोनच होत्या. बोनसमागे इतिहासातली एक खरी ओळ हवी, आणि कुणाचंच पारडं फार जड होता कामा नये. या दुसऱ्या अटीपायी ऑफिसात तिचं नाव 'तराजू' पडलं आणि तेच राहिलं.

"माझी सून देशांना गुण देते," सासूबाई शेजारणीला सांगत. "तुझ्या जावयासारखे उसने आणलेले नव्हेत. अंगचे!"

नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच दोन खोल्या. खालून अष्टौप्रहर टिकटिक वर येई. त्या टिकटिकीवर मात करायची सवय लागल्यामुळे असेल, पण ऐंशी पार केलेल्या सासूबाईंचा आवाज अजून खणखणीत होता. त्या आवाजात त्या जेवताना एकच गोष्ट सांगत. नवऱ्याने ती जन्मल्यापासून ऐकली होती, तराजूने लग्न झाल्यापासून.

नदीकाठच्या त्यांच्या गावावर स्वारी निघाली. त्या तेव्हा सात वर्षांच्या. फौज मदत आणायला गेली. मदत पोचायच्या आत शत्रू आला. तेव्हा त्यांचे बाबा आणि रंगाच्या कारखान्यातली माणसं पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. बाबा रंगारी होते, हात कोपरापर्यंत निळे. पलीकडच्या काठावरून मुलीने वळून पाहिलं तेव्हा गर्दीत चेहरा दिसला नाही, पण वर केलेला निळा हात दिसला. गाव गेलं, बाबा गेले, पण माणूस न् माणूस पलीकडे पोचला.

"फौजेला दोन दिवस उशीर झाला," असं म्हणून सासूबाई गोष्ट संपवत आणि ताटातला पावाचा शेवटचा तुकडा उचलत.

आता गंमत अशी, की सासूबाईंचा तो छोटा देश खेळात नव्हताच. नकाशावर त्याची जागा शेजारच्या मोठ्या देशाच्या रंगात बुडवून टाकलेली. तराजूने साहेबांकडे हट्ट धरला. साहेबांना सगळे पाठीमागे महाराज म्हणत.

"अहो, दीड शहराचं राज्य ते!" महाराज म्हणाले. "त्याला घेऊन काय करू?"

"शिंप्याच्या दुकानात दीड हाताच्या कापडाचंही झबलं होतं," ती म्हणाली.

महाराजांनी हात टेकले. त्या देशाला तिने निळा रंग दिला आणि सासूबाईंच्या गोष्टीतून बोनस बेतला. नदी ओलांडून आलेल्या माणसांनी पुढे मोठमोठे माग उभारले होते, हा तर इतिहासच. म्हणून नियम असा: या देशाचं शहर पडलं, की उरलेल्या मुलखाचं उत्पन्न पुढची दहा वर्षं सव्वापट. तिने घरी हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

खेळ बाहेर पडण्याआधीच्या शनिवारी ऑफिसात घरच्यांना बोलावलं होतं. सासूबाईंनी आठवडाभर आधीच करडा कोट इस्त्री करून खुंटीला लावला.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी तराजूला पहिला धक्का बसला.

ऑफिसात एक गृहस्थ होते. पूर्वी विमा कंपनीत खोटे दावे हुडकत, आता खेळातली भोकं हुडकत. त्यांना घूस म्हणत, आणि ते नाव ते पदवीसारखं मिरवत. शनिवार-रविवार यंत्र स्वतःशीच शेकडो डाव खेळे आणि सोमवारी घूस निकाल उकरत बसत.

"तराजूबाई, जरा इकडे या. आणि बसून बघा."

"का? उभ्याने वाईट दिसतं?"

"उभ्याने पडाल."

ती हसतच बसली. पडद्यावर निळा देश होता. शत्रू अजून चार दिवसांच्या वाटेवर होता आणि नदीकाठच्या गावातून गाड्या निघत होत्या. आधी धान्य गेलं. मागून फौज गेली. मग वेशीचा दरवाजा सताड उघडा राहिला. शत्रू आला, गाव त्याच दिवशी पडलं, आणि राजधानीचं उत्पन्न सव्वापट झालं. घूसांनी दुसरा डाव लावला. धान्य, फौज, दरवाजा. तिसरा लावला. धान्य, फौज, दरवाजा.

"एकदाही लढले नाहीत?" तिने विचारलं.

"कशाला लढतील? तुम्हीच पडण्याचं बक्षीस लावलंय. आमच्या विम्यात याला आपल्याच दुकानाला काडी लावणं म्हणत."

ती जे मानाचं म्हणून द्यायला गेली, त्याचा यंत्राने सौदा केला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तर दांडा तिने स्वतः तासून दिला होता. ती तडक महाराजांकडे गेली. हा बोनस आजच्या आज बदलते, म्हणाली.

"हात लावू नका," महाराज खुशीत होते. "असली चोरवाट सापडली की खेळणारा दहा जणांना सांगतो. दीड शहराचं राज्य आता हातोहात खपेल!"

कशीबशी तिने पुढच्या बुधवारपर्यंत मुदत मागून घेतली. घूसांकडून तिने वचन घेतलं, की शनिवारी सासूबाईंसमोर ते स्वतः खेळतील आणि काही झालं तरी गाव लढवतील.

शनिवारी सासूबाई करड्या कोटात, मांडीवर पर्स ठेवून पडद्यासमोर बसल्या. निळा रंग पाहून त्यांचा चेहरा फुलला. नदी ओळखली, पूल ओळखला. "वळण जरा चुकलंय, पण असू दे," म्हणाल्या. घूसांनी वेशीवर फौज उभी केली. एवढ्यात पलीकडच्या टेबलावरचं यंत्र अडकलं म्हणून त्यांना हाका सुरू झाल्या, आणि तराजू नको नको म्हणेपर्यंत रिकाम्या खुर्चीत महाराज येऊन बसले.

"आजी, हा माणूस भित्रा आहे. तुमचं राज्य कसं जिंकतं ते मी दाखवतो."

"साहेब, राहू द्या ना," तराजू म्हणाली.

"तुम्ही गप्प बसा हो, आजींना मजा बघू दे."

गाड्या निघाल्या. सासूबाई पुढे वाकल्या.

"हे काय चाललंय? धान्य कुठे चाललं?"

"राजधानीत. शहर जाणारच आहे ना, मग धान्य कशाला घालवायचं?"

"आणि हे? फौज निघाली ती?"

"तीही वाचवायची. हीच तर मेख आहे, आजी. गाव सोडलं की वर बोनस!"

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मागे न्या. गाड्या निघाल्या तिथपर्यंत."

महाराजांनी कौतुकाने मागे नेलं. सासूबाईंनी परत पाहिलं. मांडीवरची पर्स घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"गाड्या रिकाम्या आल्या होत्या," त्या म्हणाल्या. तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आम्ही पोरं धावलो त्यांच्यामागे. भरून गेल्या. एका पोत्याला भोक होतं, तर आम्ही दाणे वेचत वेशीपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी शिपाई गेले. मदत आणायला जातो म्हणाले." त्या सुनेकडे वळल्या. "मदत आणायला जाणारा माणूस धान्य घेऊन जातो का गं?"

तराजूने वाकून पर्स उचलली.

"मग माझे बाबा कुणासाठी उभे होते?"

महाराज खुर्चीत चुळबुळले. "आजी, खेळ आहे हो हा."

"तुम्हाला मजा येतेय, म्हणजे खेळच असणार," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बसमध्ये तराजूने समजावून पाहिलं. यंत्राला इतिहास कळत नाही. त्याने फक्त तिने लिहिलेल्या नियमात फायदा शोधला, त्यावरून खरं-खोटं ठरत नाही.

"गाड्या तुझ्या नियमात होत्या?"

"नाही."

"मी तुला कधी सांगितल्या होत्या?"

"नाही, आई."

"मी स्वतःलाही सांगितल्या नव्हत्या," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी जेवताना गोष्ट झाली नाही. रविवारी झाली नाही, सोमवारीही नाही. नवरा कावराबावरा झाला. "आईची गोष्ट बंद पडली," जिन्यात गाठून तो बायकोला म्हणाला. "सगळी घड्याळं एकदम थांबली तरी मला एवढी भीती वाटणार नाही. काय केलंत काय तुम्ही तिला?" कारण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. काय सांगणार? तुझे आजोबा फसवले गेले?

मंगळवारी सकाळी तराजूने ठरवलं, बोनस काढूनच टाकायचा. सासूबाई खिडकीपाशी मोजे रफू करत बसल्या होत्या. ती तसं म्हणाली, तेव्हा त्यांनी सुई थांबवली.

"तुझ्या यंत्रात फौज गेल्यावर गाव किती टिकतं?"

"टिकत नाही. शत्रू आला की त्याच दिवशी पडतं."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"आमचं लगेच पडलं नाही." सासूबाईंनी मोजा मांडीवर ठेवला. "माझी चप्पल राहिली म्हणून मी पुलावरून मागे पळाले होते. आईने दंडाला धरून फरफटत नेलं. माझ्या मागून आंधळी आत्या आली. कुणी बकरी घेऊन आलं. बकरी! एवढा वेळ मिळाला आम्हाला. फौज नव्हती, मग वेळ कुठून आला? तुझ्या यंत्राला हे का जमत नाही?"

तराजूने ऑफिसची पिशवी खाली ठेवली. शेकडो डाव तिने पाहिले होते आणि हा प्रश्न तिला पडला नव्हता.

"कारण फौज गेल्यावर कुणी उभं राहील असं मी लिहिलंच नाही," ती सावकाश म्हणाली. "त्यात फायदा कुणाचाच नाही. यंत्र ते शोधून काढणार नाही."

"मग तू लिही."

ऑफिसात तिने जुना नियम पुसला आणि नवा लिहिला. राजधानीने फौज काढून घेतली, तरी गावची माणसं पुलाच्या तोंडाशी उभी राहतात, आणि शेवटचा माणूस पलीकडे जाईपर्यंत पूल शत्रूच्या हाती जात नाही.

"आणि राजधानीला काय मिळतं?" महाराजांनी विचारलं.

"काही नाही."

"मग बोनस कसला?"

"राजधानीचा नाहीच तो. गावाचा आहे."

महाराजांनी घूसांकडे पाहिलं. घूस दिवसभर उकरत बसले होते. त्यांनी मान हलवली. "पोखरता येत नाही. ज्यात कुणाला काही मिळतच नाही, ते लुटणार कसं? सव्वीस वर्षं विम्यात काढली साहेब, असला दावा बघितला नाही."

"दीड शहराचं राज्य आणि वर हा बिनकामाचा बोनस," महाराज पुटपुटले. शनिवारपासून ते तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. "राहू द्या. कुणी निवडणारच नाही, तर बिघडतंय काय?"

घरी तिने दुकानातल्या संगणकावर डाव लावला आणि सासूबाईंना खाली आणलं. धान्य गेलं. फौज गेली. ते ती थांबवू शकत नव्हती. पडण्याचं बक्षीस गेलं, तरी धान्य आणि फौज वाचवण्यातलं राजधानीचं हित यंत्राला अजूनही बरोबर कळत होतं. दरवाजा उघडा पडला. पण पुलाच्या तोंडाशी निळे ठिपके उगवले आणि त्यांच्यामागून माणसं जाऊ लागली. सासूबाईंनी बोट पडद्यापर्यंत नेलं आणि न टेकवता तसंच धरलं. शेवटचा माणूस पलीकडे गेला. निळे ठिपके एकेक करून विझले.

"आता त्यांना मागे घे," सासूबाई म्हणाल्या.

"तसं होत नाही, आई."

"माहीत आहे. नुसतं म्हणून बघितलं."

त्या संध्याकाळी ताटं मांडली, नवरा वर आला, हात धुऊन बसला, आणि सासूबाईंनी घसा खाकरला. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. गोष्ट आली! त्याने पाव मोडला.

"आमच्या गावावर स्वारी निघाली," सासूबाई म्हणाल्या. "आधी धान्य गेलं. मग फौज गेली. ती परत येणार नव्हती."

त्याचा हात ताटाच्या वरच थांबला. साठीला आलेल्या त्या माणसाने ही गोष्ट हजारदा ऐकली असेल, आणि आज पहिल्यांदाच त्याला पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, फौज तर मदत आणायला..."

"तू जेव," सासूबाई म्हणाल्या. "मला सांगू दे. फौज गेलेली बाबांनी बघितली. आणि मग ते पुलावर गेले."